गोड गोष्टीत आडनाव कुठे असते?

वर्षावासात आमच्या वस्तीच्या विहारात रोज सायंकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. आठवड्यातून एकदा पाळी आमच्याकडे असते. कचेरीतून सुटून, गाडीत धक्के खात घर गाठायचे, हातपाय धुऊन पांढरा सदरा चढवायचा आणि विहारात जायचे, हा क्रम बरीच वर्षे चालू आहे. वाचनानंतर दोन शब्द बोलण्याची प्रथा आहे. आमचे दोन शब्द अर्धा तास चालतात, अशी घरच्यांची तक्रार आहे.

गेल्या वर्षावासात प्रकृती या चांडाळकन्येचे प्रकरण आमच्या वाट्याला आले. भिक्खू आनंद तिच्याकडे पाणी मागतात. मी हीन जातीची, असे ती सांगते. आपण जात नव्हे, पाणी मागितले, असे ते उत्तर देतात. तिचे मन त्यांच्यावर जडते. पुढे तथागत तिची समजूत घालतात आणि ती संघात प्रवेश करते. वाचन संपले आणि आमच्यातला वक्ता जागा झाला. आजच्या मुली मोबाईलवर कोरियन मालिका पाहतात, आया जुने हिंदी सिनेमे पाहतात, वाचनालयातून गुळचट कादंबऱ्या आणतात. ही सारी गोड अफू आहे, तिच्यापायी समाज झोपी जाईल, असे आम्ही ठणकावून सांगितले. पुरुष मंडळींनी टाळ्या वाजवल्या. भगिनींनी माना खाली घातल्या.

रात्री ताटात भाकरी वाढताना आमच्या मंडळी म्हणाल्या, "अहो, एक विचारू का? त्या पोरीला आनंद का आवडला?"

आम्ही म्हणालो, "तरुण होते, रूपवान होते."

"रूपाचं जाऊ द्या. त्यांनी पाणी मागितलं आणि जात नाही विचारली. तेवढ्यावरच ती भाळली. मग तसं गोड बोलणारं माणूस आम्ही घटकाभर पडद्यावर बघितलं, तर काय बिघडलं?"

आम्ही बी.कॉम. आहोत. जमाखर्च जुळवण्यात हयात गेली. पण हा हिशेब काही आम्हाला जुळवता येईना.

मग आम्ही मागचे आठवू लागलो. १९८९ साली 'मैंने प्यार किया' आला, १९९५ साली 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' आला. वस्तीत वर्गणी काढून भाड्याने व्हिडिओ आणायचे आणि रात्रभर तीन तीन सिनेमे चालायचे. आयाबाया पदर सावरून पहाटेपर्यंत बसत. त्या काय पाहत होत्या, हे तेव्हा आम्हाला कळले नाही. ज्या गल्लीत रात्री दारू पिऊन येणाऱ्याच्या आवाजाने लेकरे जागी होत, तिथे हळू आवाजात बोलणारा पुरुष हीच नवलाई होती. विचारल्याशिवाय हात न धरणारा, थांबायला सांगितले तर थांबणारा, मुलीला पळवून न नेता तिच्या बापाचे मन वळवण्यासाठी त्याच्या अंगणात राबणारा नायक त्यांना हवासा वाटत होता. ज्या आयाआज्यांची अब्रू गावच्या पाटला-सावकारांनी आपल्या मालकीची समजली, त्यांना अशा सोवळ्या प्रेमाची ओढ वाटली तर तो भाबडेपणा नव्हे. आपल्या देहावर आपली मर्जी चालावी, ही ती भूक आहे. आणि अशी गोष्ट माय-लेकींना शेजारी बसून पाहता येते, हेही काही थोडे नाही.

मग आम्हालाच इतका राग का? वाचकहो, आज खरे सांगतो. कॉलेजात असताना एक मुलगी आमच्याकडून अकौंटन्सीच्या वह्या नेत असे. वर्षभर नेल्या. वहीत कधी चिठ्ठी नव्हती की तोंडी कधी शब्द नव्हता. पण वही परत येताना तिला नवे कव्हर घातलेले असे. एके दिवशी नोटीस बोर्डावर शिष्यवृत्तीची यादी लागली आणि तीत आमचे आडनावासह पूर्ण नाव होते. दुसऱ्या दिवसापासून वही मागायला कोणी आले नाही. ती वाईट काही बोलली नाही. समोरून जाताना ओळखीचे हसणे तेवढे बंद झाले. त्या दिवसापासून आम्हाला गोड गोष्टींचा तिटकारा आला आणि त्या तिटकाऱ्यालाच आम्ही आजवर विचार समजत आलो.

अर्थात दुसरी बाजू आहेच. या गोड गोष्टींत आडनाव बहुधा विचारावेच लागत नाही, कारण सारे एकाच पंगतीतले असतात. जेव्हा विचारले जाते, तेव्हा गोडवा महाग पडतो. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' १९३६ साली प्रसिद्ध केले आणि आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असल्याचे सांगितले. त्याच वर्षीच्या 'अछूत कन्या' सिनेमात ब्राह्मण मुलावर प्रेम करणारी कस्तुरी शेवटी आगगाडीखाली मरते. १९५९ सालच्या बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त मुलगी जगते, पण कशी? तिला वाढवणारी आई तिला 'मुलगी' न म्हणता 'मुलीसारखी' म्हणते आणि मरणाच्या दारात असताना सुजाताचे रक्त मिळाल्यावरच तिला मनापासून स्वीकारते. २०१६ सालच्या 'सैराट'चा शेवट तर सांगायला नको.

या मानाने आपले जुने बौद्ध साहित्य धीट आहे. 'शार्दूलकर्णावदाना'त प्रकृतीच्याच कथेला जोडून मातंगांचा राजा त्रिशंकू याची कथा येते. तो आपल्या मुलासाठी पुष्करसारी ब्राह्मणाच्या मुलीला मागणी घालतो. ब्राह्मण संतापतो. त्रिशंकू रक्त देत नाही की रडत नाही. माणूस सारा एक आहे, हे तो मुद्द्याने पटवून देतो आणि सोयरीक जमते. पूर्वजन्माचा भाग सोडून देऊ, पण गोडही आणि ताठ मानेचीही प्रेमकथा असू शकते, हे त्यातून दिसते.

त्या रविवारी आम्ही मुलीच्या मोबाईलवर तिघांनी मिळून 'सुजाता' पाहिला. नायक टेलिफोनवर गाऊ लागला तेव्हा मंडळींचे डोळे भरले आणि, लपवण्यात अर्थ नाही, आमचेही भरले. सिनेमा संपल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, तिचा रक्तगट जुळला नसता तर?" आम्ही काय सांगणार? थोड्या वेळाने तिनेच पुन्हा विचारले, "आणि मी उद्या कोणाचं नाव घेतलं, तर तुम्ही पहिल्यांदा काय विचाराल?"

आंतरजातीय विवाहावर आम्ही कितीतरी भाषणे ठोकली आहेत. तरीही जिभेवर प्रथम आला तो आडनावाचाच प्रश्न. त्यामागे तुच्छता नव्हती, भीती होती. 'सैराट' पाहिलेल्या बापाची भीती. पण भीतीनेही विचारलेला प्रश्न तोच असतो. आम्ही म्हणालो, "बाळ, तो तुझ्याशी कसा बोलतो, हे आधी विचारीन." ती म्हणाली, "लक्षात ठेवा हं."

पुढच्या पाळीला विहारात आम्ही भगिनींची माफी मागितली. गोड गोष्टी जरूर वाचा, पाहा, पण त्यात आपण कुठे आहोत हेही मुलींशी बोला, एवढेच सांगितले. पाच मिनिटांत खाली बसलो.

घरी आल्यावर सवयीने 'पाणी' म्हणून हाक मारणार होतो. तोंडात आलेला शब्द थांबवला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणालो, "जरा पाणी देता का?" मंडळी बघतच राहिल्या. मग हसून म्हणाल्या, "तांब्या तिथंच आहे, घ्या. आणि मलाही द्या."