असेल, असावा, आहे

इंग्रजीत साध्या अंदाजाला ‘गेस’ म्हणतात. पण तोच अंदाज कोट-टोपी चढवून विद्वानांच्या बैठकीत आला की त्याचे नाव होते ‘कंजेक्चर’. पुरावा अपुरा असताना हाताशी असलेल्या चार खुणा जुळवून बांधलेली अटकळ, हा त्याचा अर्थ. लॅटिनमधल्या त्याच्या मुळाचा अर्थ ‘एकत्र फेकणे’. आणि गंमत अशी, की आपला ‘अंदाज’ ज्या फारसी धातूतून आला, त्याचाही अर्थ फेकणेच! तिरंदाज आणि गोलंदाज ही त्याचीच भावंडे. पाग टाकणाऱ्या कोळ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पाण्याचा रंग नि भरती-ओहोटी पाहून तो जाळे फेकतो. पण ते वर येईपर्यंत मासळी मिळाली, असे म्हणत नाही.

आमच्या शीव कोळीवाड्याचे नावच घ्या. शीव म्हणजे हद्द. जुने मुंबई बेट इथे संपे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई. ‘सायन’ हे त्याच शब्दाचे इंग्रजी रूप असावे. कोणी म्हणतात, जेझुइट पाद्र्यांच्या प्रार्थनामंदिराला झायन पर्वताचे नाव होते, त्यावरून ते आले असावे. मला पहिली अटकळ पटते, कारण जमिनीची साक्ष तिच्या बाजूने आहे. तरी दोन्हीकडे मी ‘असावे’च म्हणतो. मराठीने शंकेची जागा क्रियापदातच राखून ठेवली आहे.

ही जागा फार मोलाची. एकदा दिवाळीआधीच्या सहामाहीत कोळीवाड्यातल्या एका मुलाला इंग्रजीत एकदम 70 गुण पडले. सकाळी शिक्षकांच्या खोलीत कोणी म्हणाले, “कॉपी केली असेल.” मधल्या सुट्टीत ते ‘केली असावी’ झाले आणि शाळा सुटताना ‘केलीच आहे’! पोर मान खाली घालून उभे. मी त्याच्यापुढे नवा उतारा ठेवला. त्याने तो अडखळत वाचला, पण अर्थ अचूक सांगितला. थोरली बहीण मासळी विकून आल्यावर रोज रात्री त्याला शिकवीत होती, हे तेव्हा कळले.

अंदाज करू नये असे नाही. त्यावाचून पाऊलच पुढे पडायचे नाही. पण माणसावर टाकलेले जाळे रिकामे निघाले, तर तेही मोठ्याने सांगावे. ‘केलीच आहे’ म्हणायला सारी खोली होती. ‘केली नव्हती’ हे दुसऱ्या दिवशी वर्गासमोर सांगायला एकच मास्तर पुढे आले. पहिल्यांदा ‘असेल’ म्हणाले होते, तेच.