मिनेस्त्रोने आणि अळणी

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्यापैकी एकीला सकाळच्या तासाला खडू धरवेनासा झाला. बोटांचे सांधे सुजत आणि मूठ मिटायला दहा वाजत. रक्ततपासणीनंतर निदान झाले, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांवर उलटते, असा हा आजार. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्झेटची गोळी तेव्हा सुरू झाली, ती आजही सुरू आहे. पुस्तकांवर पोट भरणारी माणसे दुखण्यातही वाचनच करतात. आम्हीही वाचत सुटलो आणि 'ऑटोइम्यून प्रोटोकॉल' नावाच्या आहारापाशी येऊन थांबलो.

या आहारात काही आठवडे धान्ये, कडधान्ये, दूध, अंडी, सुकामेवा आणि तेलबिया वर्ज्य. त्यांच्या जोडीला टोमॅटो, बटाटा, वांगे आणि मिरचीही वर्ज्य. मग एकेक पदार्थ परत आणायचा आणि शरीर काय म्हणते ते ऐकायचे. १९७६ साली ज्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला त्या मराठी विश्वकोशाचे संपादन आमच्या वाईतच झाले. त्यामुळे शंका आली की कोश उघडायची इथे सवयच. ही चारही नावे सोलॅनेसी या एकाच कुलातली, हे कळले तरी कृष्णाकाठच्या वांग्याचा वियोग काही सुसह्य झाला नाही. त्यात बियांचे मसालेही नकोत. मोहरी, जिरे, धने, मेथी गेली. बाजारातल्या हिंगात पीठ मिसळलेले असते, म्हणून हिंगही गेला. थोडक्यात, फोडणीच गेली.

या आहाराला पुरावा तोकडा आहे, हे आधीच सांगायला हवे. २०१७ साली आतड्यांच्या दाहाच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास अवघ्या पंधरा जणांचा होता आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. डॉक्टरांनी गोळी न थांबवण्याच्या अटीवर सहा आठवड्यांची मुभा दिली. दुखणे एकीचे असले तरी पथ्य दोघांचे, असे आम्ही ठरवले.

अडचण तिसऱ्या माणसाची होती. आमच्याकडे आई राहते. एकीची ती आई, दुसऱ्याच्या सासूबाई. पण हाक दोघांचीही 'आई' अशीच. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "फोडणीवाचून शिजवतात ते सुतकात. माझ्या जिवंतपणी या घरात ते नको." त्या दिवशी ती आमच्या पंगतीला बसली नाही. स्वतःची आमटी वेगळी करून स्वयंपाकघरातच जेवली. सांध्यांपेक्षा ते अधिक दुखले.

अशा दिवसांत मिनेस्त्रोने करायचे मनात आले. वस्तुतः या इटालियन सुपाची ओळख ज्या तीन गोष्टींनी पटते, ते टोमॅटो, घेवडा आणि पास्ता, तिन्ही आम्हाला वर्ज्य. मग उरले काय? आम्हा भाषेच्या माणसांना वाटले, नाव उरले. 'मिनेस्त्रा' म्हणजे सूप. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले 'वाढणे, सेवा करणे' अशा अर्थाचे क्रियापद आहे, आणि शेवटचा प्रत्यय मोठेपणा दाखवणारा. म्हणजे मिनेस्त्रोने हे मोठे वाढप. त्यात काय घालावे याचे बंधन नावात नाही. टोमॅटो तरी इटलीत केव्हाचा? मात्तिओलीने त्याची नोंद केली ती १५४४ साली. मिरचीही आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. ज्यांच्यावाचून चूल पेटत नाही असे वाटते, ती पाहुणे मंडळी आहेत.

कांदा, गाजर आणि सेलरीचे देठ बारीक चिरून ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर वीस मिनिटे परतले. इटालियन लोक याला सोफ्रित्तो म्हणतात. फोडणी क्षणात तडतडून मोकळी होते. इथे मात्र वाट पाहावी लागते. मग लाल भोपळा, रताळे, दुधी आणि शेवटी कोबी. आंबटपणासाठी चार आमसुले, रंगासाठी बिटाचा तुकडा. सब्जाचे बी वर्ज्य, पण पान चालते आणि इटालियन बेसिल व आपला सब्जा एकाच जातीचे. तेव्हा कुंडीतली पाने लसणीबरोबर वाटून ठेवली.

पाण्याऐवजी बोकडाच्या हाडांचा रस घ्यायचा होता. हाडे, हळद, आले, लसूण आणि मीठ कुकरमध्ये तासभर शिजले. झाकण उघडताच वासाने आई आत आली. तिने पळीने थोडे वाटीत घेतले, फुंकर घालून चाखले आणि म्हणाली, "अगं, ही तर अळणी! तुझ्या बाळंतपणात महिनाभर पाजली होती. एवढं इटलीला कशाला जायचं?"

अळणी शब्द 'अलवण'पासूनचा, बिनमिठाचा. आमच्याकडे मात्र मीठ घातलेल्या, पण तिखट-मसाल्याविना केलेल्या मटणाच्या पाण्यालाही अळणीच म्हणतात. लेकरांना, आजाऱ्यांना, बाळंतिणीला द्यायची ती. म्हणजे फोडणीवाचूनचे अन्न केवळ सुतकाचे नव्हते, जन्माचेही होते. हे आईला ठाऊक होते. आम्हीच तिला ते परक्या नावाने सांगत होतो. त्या दिवशी तिने पळी आमच्या हाती दिली नाही. तिघांची पाने घेतली आणि तिनेच वाढले. मराठीत 'वाढणे' म्हणजे पानात घालणे आणि मोठे होणेही. हा श्लेष आम्ही वर्गात अनेकदा सांगितला असेल; त्या रात्री तो जेवलो.

सहा आठवड्यांनी तूप परतले, मग अंडे, मग मोहरी. मोहरी तडतडली तेव्हा आई जपमाळ हातात घेऊनच ओट्यापाशी आली. टोमॅटो आला त्या आठवड्यात बोटे सुजली. पण तोच आठवडा उत्तरपत्रिका तपासण्याचा होता, तेव्हा दोष कुणाचा ते सांगता येत नाही. आता मूठ आठाच्या सुमारास मिटते. श्रेय गोळीचे किती आणि पातेल्याचे किती, याची वाटणी आम्ही केलेली नाही. पावसाळ्यातल्या रविवारी मात्र मिनेस्त्रोने होते. आई त्याला अळणी म्हणते, आणि हाडांसाठी मटणवाल्याकडे स्वतः जाते.