नोंदवहीतली आणि नोंदवहीबाहेरची

आज थोडं घरचं लिहिते.

खर्डा म्हटलं की लोक लगेच १७९५ ची लढाई काढतात. निजामाचा पराभव, मराठा सरदारांची एकजूट, निंबाळकरांचा किल्ला. सगळं खरं. पण माझ्यासाठी खर्डा म्हणजे रविवार, सतरंजी, टाळ-पेटी आणि ना. वा. टिळकांची भजनं. गावात आमची ख्रिस्ती घरं मोजकीच.

आजीचं माहेर 'एस.पी.जी.'चं, म्हणजे बिशप असणाऱ्या अँग्लिकन पंथाचं. आजोबा अमेरिकन मराठी मिशनचे. आजी छापील पुस्तकातून उपासना म्हणायची, आजोबा मनाला येईल ते देवाशी बोलायचे. लहानपणी वाटायचं, हा दोघांच्या स्वभावातला फरक. खरं तर तो दोन मिशनांचा इतिहास होता. अमेरिकन मिशनरी १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) आले, १८३३ मध्ये तिथे मंडळी उभी राहिली, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झालं. त्यांच्यात बिशप नव्हता, कारभार मंडळीच बघायची. एस.पी.जी.चे लोक नगर भागात आले ते १८७० च्या दशकात. दोन्हीकडचा येशू एक, पण दोघांचे पाळक वेगळे! शेवटी २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सी.एन.आय., स्थापन झाली आणि दोन्ही परंपरा एका छपराखाली आल्या. आजी म्हणायची, "आमचं लग्न आधीच झालं होतं, मिशनांचं उशिरा झालं."

हा झाला छापील इतिहास. मला खुपतं ते पुढचं.

या इतिहासात नावं कुणाची सापडतात? हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक, रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई. मोठीच माणसं, त्यांनी सोसलंही खूप. 'स्मृतिचित्रे' मी किती वेळा वाचलं असेल! पण नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत मंडळी भरली ती मुख्यतः महार आणि मांग घरांनी. ती आली आणि नुसता आकडा होऊन राहिली. १८७६-७८ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा... लोकांनी सरळ शिक्का मारला, 'पोटासाठी बाटले'. समजा भुकेने आले. पण पाऊस पडल्यावर, पोरांना अक्षर आल्यावर, गावाचे टोमणे ऐकूनही तीन-चार पिढ्या जे टिकून राहिले, ते कोणत्या भाकरीसाठी?

आणि जात सुटली का? गावाने सोडली नाही. कागदाने मात्र सोडली. १९५० च्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती राहिले बाहेर. म्हणजे विहिरीवर जुनी ओळख, कचेरीत नवी!

असो. रागाने हे संपणार नाही, वहीने थोडं होईल. आत्या, काका, दादा, वाचत असाल तर आपल्या घरातले पहिले कोण, कुठून आले, कुणाशी बोलून निर्णय घेतला, आठवेल तेवढं सांगा. फोनवर सांगितलंत तरी मी उतरवून घेईन. पणजीचं लग्नाआधीचं नाव आज घरात फक्त आत्याला ठाऊक आहे, आणि आत्या एकोणनव्वदची आहे.