जांभळीची दोरी

वाकडेवाडीच्या स्टँडवर कंडक्टरने माझी पिशवी पायाने जरा सरकवली आणि विचारलं, "खाटा विणायला निघालात का, ताई?" पिशवीच्या तोंडातून नवारीचं वेटोळं बाहेर डोकावत होतं. अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. बोहरी आळीतून दोन इंची, पॉलिएस्टरची नवार घेतली होती. तिचे तीन-तीन मीटरचे बारा पट्टे कापले होते आणि बॅगा शिवणाऱ्या काकांकडून प्रत्येकाच्या टोकाला फासा शिवून घेतला होता. विणायचं मात्र काही नव्हतं. भंडारदऱ्याच्या एका युवा शिबिरात सहा मुलींना झाडाखाली झोळीत झोपायचं होतं आणि शिबिराचा नियम होता की झाडाला काहीही बांधायचं नाही.

सहातली एक माझी भाची. ती झोळीला हॅमक म्हणते. फोनवर शिबिरप्रमुखांशी दहा मिनिटं बोलले. "ताई, दोरी बांधू देणार नाही." मी म्हटलं, "सर, दोरी नाही, पट्टा." ते म्हणाले, "तुम्ही या, मदतीला हवंच आहे कोणी तरी. पण झोपायचं तंबूतच." त्यातलं फक्त 'या' मी ऐकलं. तेवीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवल्यावर सोयीचं तेवढं ऐकण्याची कला येते.

नारायणगाव, आळेफाटा, चंदनापुरी घाट, संगमनेर. इथपर्यंतचा रस्ता मुलींनी कानात बोंडं घालून काढला. संगमनेरला गाडी बदलली आणि अकोल्याच्या अलीकडे ती उसाच्या बैलगाड्यांमागे अडकली. डिसेंबर म्हणजे तोडीचा भर. रस्त्याकडेच्या बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. आत मूल झोपलं होतं आणि आई वीस पावलांवर मोळ्या बांधत होती. खिडकी झोळीच्या अगदी समोर आली, म्हणून नीट बघता आलं. गाठीखाली चिंध्यांची जाड घडी होती. बाभळीच्या खडबडीत सालीने लुगडं फाटू नये म्हणून घातलेली, झाडाच्या मायेने नव्हे. पण झाडाला त्याच्याशी काय करायचंय? कापड वाचलं तशी सालही वाचली. मी भाचीला कोपराने ढोसलं, तिने कानातलं बोंड काढून बघितलं आणि म्हणाली, "अगं, हे तर हॅमकच!"

हॅमक हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांचा. 1492 मध्ये कोलंबसाच्या माणसांनी त्यांच्या टांगत्या बिछान्यांवर डोळा ठेवला आणि पुढे युरोपच्या जहाजांवर खलाशी शतकानुशतकं त्यात झोपले. आपल्याकडे मात्र झोळी पाळण्याच्या वयापुरतीच. मूल चालायला लागलं की ती सुटते.

राजूरला चहा झाला. शेंडीला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. प्रवरा अडवून बांधलेलं आणि 1926 मध्ये पूर्ण झालेलं विल्सन धरण गावाला लागूनच आहे. मुलींनी पाण्याकडे पाठ करून फोटो काढले. मग काळीपिवळीत चौदा माणसं, सहा सॅक आणि माझी नवार असा ऐवज कोंबून रतनवाडीच्या रस्त्याला लागलो. एका वळणावर रतनगड समोर आला आणि त्याचं नेढं दिसलं. सुईच्या नेढ्यातून आभाळ ओवल्यासारखं. भाचीच्या मैत्रिणीने विचारलं, "त्यात हॅमक बांधता येईल?" त्या गाडीत तो प्रश्न फक्त मलाच वेडगळ वाटला नाही.

हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, 1986 पासूनचा. तिथल्या झाडाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. शिबिर होतं एका बाबांच्या मालकीच्या रानात. खाली तलाव, वर आंबे, हिरडे, एक भलामोठा बेहडा आणि मधल्या सपाटीवर तंबूंची रांग. सर पन्नाशीचे, शांत, बोलणं मोजकं. चहाही न विचारता ते मला थेट एका जांभळीपाशी घेऊन गेले.

"हे बघा. म्हणून नको म्हणतो."

खोडाभोवती कमरेच्या उंचीवर खोल आवळ पडली होती. आवळीच्या वर खोड सुजून ओठासारखं बाहेर आलं होतं, खाली तेच बारीक. फळ्यावर कित्येकदा काढलेली आकृती माझ्यासमोर प्रत्यक्ष उभी होती. पानांनी तयार केलेली साखर सालीतूनच मुळांकडे उतरते. साल आवळली की वाट बंद होते, साखर वर तुंबते, झाड तिथे सुजतं आणि खाली मुळं उपाशी मरतात. सालीच्या आतला पातळ ओला थर, जिथे झाड जाड होतं, तोही चिरडला गेला होता. निळ्या नायलॉनचा एक धागा त्या फटीतून अजून दिसत होता.

"हॅमकवाल्यांचं काम," सर म्हणाले.

मी गप्प बसले. जखम खरी होती. माझ्या पिशवीतली सगळी नवार त्या फटीपुढे बापुडवाणी वाटायला लागली. खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मीही बंदीच घातली असती.

मात्र पिशवी उघडायची परवानगी मी मागितली. "झोपत नाही, सर. फक्त बांधून दाखवते, अर्ध्या तासात सोडते." त्यांनी घड्याळ बघितलं आणि आंब्यांकडे बोट केलं.

बाबांकडे हिरडा तोलायचा ताणकाटा होता. चैत्र-वैशाखात पोरंबाळं धरून सगळं घर बाळहिरडा गोळा करतं, वाळवतं आणि विकतं. तो काटा मी मागून घेतला आणि पट्टा व झोळी यांच्यामध्ये अडकवला. सगळ्यांत हलकी मुलगी तीस किलोची. आधी झोळी मुद्दाम ताणून बांधली, सगळे नवखे बांधतात तशी, जवळजवळ आडवी. मुलगी हळूच बसली. काटा ऐंशीच्या पुढे गेला. भोवती जमलेल्या शिबिरातल्या मुलांना खरंच वाटेना. "काटा बिघडलाय," एक जण म्हणाला. बाबा भडकले, "या काट्यावर दलाल मला फसवू शकला नाही, तू काय सांगतोस?"

मग झोळी सैल सोडली. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोरा आणि खडा बांधून आम्ही पट्ट्याचा उतार मोजला. तीस अंश. तीच मुलगी बसली आणि काटा तिशीच्या आसपास थांबला. झाडाला ओढ तिच्या वजनाएवढीच. त्यात बोटाहून बारीक, सहा मिलिमीटरच्या दोरीऐवजी पाच सेंटिमीटरची नवार. तीच ओढ आठपट जागेवर पसरते, आणि नवारीखाली गोणपाटाची घडी. सर काट्याकडे वाकून वाकून बघत होते. माणूस हरला की बघतो तसं नाही, गणित आवडणारा माणूस बघतो तसं.

ते सरळ झाले, मान वर केली आणि म्हणाले, "ती फांदी?" आंब्यावर बांडगूळ होतं आणि त्याच्या पुढची फांदी वाळून खडखडीत झाली होती. बरोबर मुलीच्या डोक्यावर. माझ्या लक्षात आलं नव्हतं. पट्टा, कोन, गोणपाट यांत इतकी गुंतले होते की वर बघायचंच राहिलं. त्या आंब्यावर फुली पडली आणि मला एक गुण कमी.

आता बाबा पुढे सरसावले. झाडं त्यांची, तरी अजून त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. "हिरड्याला काही बांधायचं नाही," ते म्हणाले. "पट्टा असू द्या नाहीतर रेशीम असू द्या. ते पोट आहे आमचं." बेहडा चालेल, पलीकडचे जुने आंबे चालतील. चार वितींपेक्षा कमी घेराच्या झाडाकडे बघायचंही नाही. वीत कोणाची, तर त्यांची. पोरांची नाही. एका झाडावर सलग दोन रात्री नाही, झोळीत एकाच वेळी दोघं नाहीत, खुर्चीपेक्षा उंच नाही. शेवटच्या दोन अटी सरांच्या, पण बाबांनी त्या आपल्याच असल्यासारख्या सांगितल्या.

"आणि सर," ते जाता जाता म्हणाले, "त्या जांभळीला झोळी कोणी बांधली नव्हती. तुमच्याच शिबिराची वळणी हाय ती. टॉवेल वाळत टाकायची. तीन वर्षं झाली, सोडलीच नाही कोणी."

कोणी हसलं नाही. सरांनी जांभळीकडे बघितलं, मग तिच्या पलीकडच्या साध्या वाशाकडे, जिथे त्याच निळ्या दोरीचं दुसरं टोक अजून लोंबत होतं. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं, की आता हा माणूस जिद्दीला पेटून सगळंच बंद करेल. त्यांनी खिशातून वही काढली आणि विचारलं, "किती झोळ्या?"

अटींत बसतील अशा जोड्या शोधल्यावर चारच बसल्या. तीन मुली कुरकुरत तंबूत गेल्या. आळीपाळीने बदलायचं ठरलं.

चौथ्या झोळीत मी. झोळीत सरळ झोपलं तर पाठीचं धनुष्य होतं. तिरकं झोपायचं, मग कापड सपाट होतं, हे भाचीने मला शिकवलं. थंडीचं मात्र तिलाही माहीत नव्हतं. तंबूत गारठा जमिनीतून येतो, झोळीत तो वाऱ्याबरोबर खालून येतो आणि पाठीखाली दबलेली रजई काही कामाची राहत नाही. मध्यरात्री पाठ बधिर झाली. उतरले, पाय टाकला तो थेट दवात. बाबांची घोंगडी मागून आणली आणि झोळीच्या तळाशी अंथरली. घोंगडीला शेळीचा वास होता, तरी मी कृतज्ञतेने तिच्यात नाक-तोंड खुपसलं. बेहड्यातून चांदण्या खाली यायच्या, पट्टा हलकेच करकरायचा. कुठेतरी टिटवी ओरडली. त्या अंधारात बाभळीखालची ती बाई आठवली. तिचं मूल आता कोपीत असेल.

सकाळी पट्टे सोडले तेव्हा बाबा हजर. बेहड्याच्या खोडावरून त्यांनी तळहात फिरवला, मग तोच हात नाकाशी नेला. साल चिरली की रस येतो, त्याचा वास येतो. "काही नाही," ते म्हणाले आणि चुलीकडे गेले. गोणपाटाचे दोन-चार धागे सालीत अडकले होते तेवढेच.

पलीकडे सर जांभळीपाशी उकिडवे बसले होते. हातात भाजी चिरायची सुरी. फटीत जिथे टोक शिरेल तिथून ते निळी दोरी कापून ओढत होते. बरीचशी निघाली. एका बाजूला खोडाने ती पार गिळली होती, तिथे त्यांनी सुरी थांबवली. मी विचारलं, जगेल का? त्यांनी माझ्याकडेच बघितलं, जीवशास्त्राची बाई म्हणून. वरची पानं तरी अजून हिरवीगार होती.

नाश्त्याला पोहे होते. मुलांचे ओले टॉवेल त्या दिवशी जमिनीत रोवलेल्या दोन बांबूंवर वाळत होते.