फोटोखाली नाव हवंच

दुबईतल्या एका भारतीय शाळेत शिकवायला लागले आणि पहिल्याच सत्रात इयरबुकच्या समितीत माझं नाव आलं. आमच्या वेळी शाळेतला वार्षिकांक म्हणजे संपादकीय, मुलांच्या कविता, निबंध आणि शेवटी स्नेहसंमेलनाचे फोटो. इथे सगळा भर चेहऱ्यांवर. प्रत्येक वर्ग, त्यातलं प्रत्येक मूल.

सुरुवात कुठून करायची तेच कळेना, म्हणून कपाटातले जुने अंक काढले. 2010च्या सुमाराचे अंक झगमगीत: एकात एक मिसळलेले रंग, प्रत्येक फोटोला सावली. 2020-21च्या अंकात वर्गफोटोच नाहीत, ऑनलाइन तासाचे चौकोन आहेत. 2023 हे अमिरातीत शाश्वततेचं वर्ष होतं. त्या अंकात मातकट रंग आणि भरपूर मोकळी जागा. समितीतली अकरावीची मुलगी म्हणाली, "मॅम, आता पुन्हा ग्रेडियंट चालतात." म्हणजे 2010 परत आलं होतं!

खरा गोंधळ अरबी विभागाने उडवला. अरबी उजवीकडून डावीकडे, त्यामुळे तो विभाग मागच्या कव्हरपासून सुरू होतो आणि आपल्या पानांना मध्ये कुठेतरी भेटतो. मजकूर सॉफ्टवेअरमध्ये टाकला की जोडलेली अक्षरं सुटी व्हायची, क्रमही उलटायचा. मला ते नक्षीसारखंच दिसत होतं. अरबीच्या सरांनी एका नजरेत ओळखलं. हिंदीच्या पानावर 'विद्यार्थी'मधला 'द्य' फुटला तेव्हा मात्र सरांना काय खुपलं असेल ते मला पुरतं समजलं. दोन्ही दुखण्यांवर उपाय एकच निघाला: अशा लिप्यांसाठी असलेली मजकूर-जुळणीची सेटिंग. टाइपही मिळाला. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट-संस्थेने केलेल्या 'बलू' कुटुंबात देवनागरी आहे आणि 'बलू भाईजान' या नावाने अरबीही. रोमन, देवनागरी आणि अरबी अशा तिन्ही लिप्यांची शीर्षकं एका घरातली दिसू लागली.

मुलांना आणखी एक हवं होतं: नावं काढून पानभर फोटो, आणि कोपऱ्यात व्हिडिओचा क्यूआर कोड. पान सुंदर दिसत होतं. तरी मी अडून बसले. इथे बहुतेक कुटुंबांचं राहणं नोकरीच्या व्हिसावर. बाबांची नोकरी बदलली की मूल वर्षाच्या मध्यातच शाळा सोडतं. कोणी कोचीला, कोणी कॅनडाला. वीस वर्षांनी तो कोड उघडेल याची हमी कोण देणार? शेजारच्या बाकावर कोण बसायचं, हे तेव्हा छापलेलं नावच सांगेल.

मुलांनी ऐकलं. कोड राहिला, नावंही आली, आणि मध्येच शाळा सोडून गेलेल्या मुलांसाठी त्यांनी आपणहून एक पान वाढवलं. पुढच्या वर्षी रंग बदलतील, टाइप बदलेल, खुशाल बदलू दे. सजावट मुलांच्या आवडीची असावी; पण एकही मूल अंकात बिननावाचं राहता कामा नये, यावर मी पुढेही अडून बसेन.