मु. पो. छप्पन्न एपीओ

आमच्या घरामागच्या आजीचा मुलगा फौजेत होता आणि माझं अक्षर बरं होतं. त्यामुळे दर पंधरवड्याला तिच्या ओट्यावर आमची बैठक भरायची. आजी सांगायची, मी अंतर्देशीयावर लिहायची. गाय व्याली, कपाशी बरी आहे, मनिऑर्डर पोचली. शेवटी पत्ता: मुलाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली 'मार्फत ५६ एपीओ'. त्या आकड्यावर बोट ठेवून आजी दर वेळी विचारायची, "हे छप्पन कुठी हाय वं?"

मी चौथीत होते. जिल्ह्याचे तालुके तोंडपाठ, त्यामुळे भूगोलात आपल्याला येत नाही असं काही असेल हे मान्य नव्हतं. "मोठं शहर आहे आजी, दिल्लीच्या पुढं," असं मी ठोकून द्यायची. आजीला ते पटायचं. आपलं पोरगं मोठ्या शहरात आहे, असं ती नदीवर बायांना सांगायचीही.

पुढे माझं लग्न फौजीशीच झालं, तेव्हा छप्पन्न हे गाव नाही हे कळलं. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस; लष्कराची टपालव्यवस्था वेगळी असते. उत्तर-पश्चिमेकडच्या पलटणींना ५६, पूर्वेकडच्यांना ९९. पत्रं दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या सैनिकी टपाल केंद्रात जातात, आणि कुठली पलटण आज कुठे आहे ते तिथल्या माणसांना ठाऊक असतं. पलटण पंजाबातून काश्मीरला हलली तरी पाकिटावर एक अक्षर बदलत नाही. आपल्याकडे मु. पो. ता. जि. लिहितात ते माणूस सापडावा म्हणून. हा पत्ता मात्र माणूस कुठे आहे हे कुणाला कळू नये म्हणून केलेला.

माझं पहिलं स्थलांतर अर्थात फौजेनं घडवलेलं नाही. माहेर घाटाखाली, सासर घाटावर. बुलढाण्याबाहेरच्यांना हे सांगून कळत नाही, पण राजूर घाट चढला की बोली बदलते, हवा बदलते, आणि नव्या सुनेच्या 'काहून'ला हसणाऱ्या नणंदा भेटतात. त्यामानानं सागर सोपं गेलं.

सागर म्हणजे मध्य प्रदेशातलं. महार रेजिमेंटचं केंद्र तिथं आहे, आणि ह्यांची तिथं शिकवणीवर बदली झाली तेव्हा, १९९१ साली, मला पहिल्यांदा क्वार्टर मिळालं. ह्यांनी काळी लोखंडी पेटी आणली, झाकणावर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा, नाव घातलं आणि खाली सागर. मलकापूरला गाडीत बसायचं, भुसावळ, इटारसी, भोपाळ करत बीनाला उतरून पुढं. पेटीत भांडी, गोधड्या आणि सासूबाईंनी कोंबलेलं दहा किलो ज्वारीचं पीठ.

कुणी नवी सून छावणीत जायला निघाली की मला विचारायला येते, तिथं कसं असतं? मी सांगते, सगळ्यात आधी गेरू दिसेल. झाडांचे बुंधे खाली गेरूनं, वर चुन्यानं रंगवलेले, रस्त्याकडेचे दगडही तसेच. आपल्याकडे गेरू-चुना एवढ्या शिस्तीत मी कुठंच पाहिला नाही. मग 'मार्चिंग इन'. एमईएसचा, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याचा, माणूस यादी घेऊन येतो: पंखे तीन, नळ चार, काचा इतक्या, कड्या इतक्या. तुम्ही सही करता. क्वार्टर सोडताना तोच प्रकार उलटा, आणि काच तडकलेली निघाली तर पैसे कापले जातात. आमचे दोनदा कापले गेले, दोन्ही वेळा पोरांच्या चेंडूमुळे. म्हणून येतानाच प्रत्येक काच बोटानं वाजवून बघावी. पहाटे बिगूल. कॅन्टीनचं कार्ड होईपर्यंत साबण बाहेरून. ताप आला तर एमआय रूम, म्हणजे पलटणीचा दवाखाना, आणि तिथली रांगही हुद्द्याच्या शिस्तीत. नवरा हवालदार असला तर सुभेदाराच्या बायकोशी आपण आपोआप हळू आवाजात बोलायला लागतो. हे कुणी शिकवत नाही. मला ते कधी आवडलं नाही, पण बोलले हळूच.

आणि पीठ नेऊ नका. महिन्याभरात विरी जाते, भाकरी थापता थापता चिरते, चव कडसर. ज्वारी न्यावी. तरी चक्कीवाला म्हणणारच की गव्हाच्या चक्कीत तुमची ज्वारी घातली तर पुढच्याचा आटा काळा पडेल. मग त्याला आधी भाकरी खाऊ घालावी लागते.

"भाभीजी, कहाँ से?" ह्या प्रश्नाला "बुलढाणा" म्हटलं की समोरचा चेहरा कोरा. "शेगाव के पास" म्हटलं की काहींना उमगायचं. बाकीच्यांनी मला नागपूरवाली करून टाकलं. मी घाटाखालची, घाटावर दिलेली, आणि नागपूर तोवर पाहिलंही नव्हतं.

पुढची बदली हिमाचलात, योलला. पठाणकोटहून छोट्या गाडीनं. दारात उभं राहिलं की धौलाधारची बर्फाची भिंत. दुसऱ्या महायुद्धात इथं इटालियन युद्धकैदी ठेवले होते. घरी पत्र कसं घालत असतील ते, असं मला राहून राहून वाटायचं. २०२३ साली सरकारनं छावण्या मोडायला घेतल्या तेव्हा पहिला नंबर योलचाच लागला. लेकीनं बातमी दाखवली, तर मी आधी विचारलं, झाडांना गेरू कोण लावणार आता?

ही लेक योलला पहिलीत गेली. बाईंनी वर्गात प्रत्येकाला गाव विचारलं. कुणी रोहतक म्हणालं, कुणी अल्मोडा. आमची उभी राहून ठणठणीत म्हणाली, "छप्पन्न एपीओ." तिचं काय चुकलं? घरातल्या प्रत्येक पाकिटावर तेच होतं. ह्यांना हसू आलं. मला त्या रात्री झोप आली नाही. मग दर उन्हाळ्यात सुट्टी मिळो न मिळो, पोरांना गावी न्यायचंच असा मी हट्ट धरला.

तेव्हा हे मला समजावायचे ते बाबासाहेब आंबेडकरांचा दाखला देऊन. पलटणीत सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट: १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली ती त्यांच्या आग्रहातून. आणि त्यांचा स्वतःचा जन्म, १४ एप्रिल १८९१, महूच्या छावणीतला, कारण वडील सुभेदार रामजींची नोकरी तिथं. घराणं मात्र कोकणातल्या आंबडव्याचं, आणि ते गाव आडनावात कायमचं राहिलं. "छावणीत जन्मलं म्हणून गाव सुटत नाही," हे म्हणायचे. मी म्हणायची, आपल्या आडनावात कुठलंच गाव नाही, त्याचं काय?

प्रत्येक बदलीला ह्यांनी पेटीचं झाकण काळ्या रंगानं पुसायचं आणि वर नवं नाव घालायचं. रंगाचे थर इतके चढले की उन्हात तिरकं धरलं तर सागरच्या 'सा'चा उंचवटा योलखालून दिसायचा.

१९९९ साली आम्ही कामठीला होतो. तिथली छावणी १८२१ पासूनची, आणि बाजारात उतरलं की चक्क मराठी. मेथीच्या जुडीसाठी मराठीत घासाघीस करताना मला रडू आलं होतं. ह्यांची पलटण मात्र उत्तरेला. आम्हा बायकांची क्वार्टरं शेजारीशेजारी, टीव्ही एकीकडे. लढाईच्या बातम्यांत द्रास, बटालिक अशी नावं रोज यायची. मी लेकीचा नकाशा काढून बसायची, आणि ह्यांचं पत्र यायचं त्यात फक्त 'इथे थंडी आहे, काळजी नसावी'. पाकिटावर मागं तेच, मार्फत ५६ एपीओ. मी त्या आकड्यावर बोट ठेवून कितीदा बसले असेन. चौथीतल्या पोरीनं आजीला किती सहज थाप मारली होती, याची तेव्हा लाज वाटली. मग वाटलं, त्या म्हातारीला पंधरा दिवस झोप लागत होती ती त्याच थापेवर. माझ्याजवळ बसून "मोठं शहर आहे" म्हणणारं कुणी नव्हतं.

हे परत आले. २००६ ला पेन्शनीत निघाले. शेवटचं मार्चिंग आऊट झालं, काचा सगळ्या शाबूत. पेटी रिकाम्या अंगणात ठेवून ह्यांनी झाकण काळं केलं, वाळू दिलं, पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला आणि थांबले.

"काय घालू?"

गावचं घर भावांत वाटलं गेलेलं, आमच्या वाट्याला एक खोली, तिचंही छप्पर उतरलेलं. बुलढाण्यात प्लॉट घेतला होता, पण त्यावर अजून वीटही नव्हती. भाड्याची खोली दीर बघणार होते, ती कुठल्या गल्लीत तेही ठरलेलं नव्हतं. "मु. पो." एवढं लिहून ह्यांनी माझ्याकडे बघितलं. गाडीची वेळ होत आली होती. शेवटी तेवढंच पुसून ह्यांनी स्टेशनचं नाव घातलं, कारण हमालाला तेवढंच लागतं.

पेटी आता आमच्या माळ्यावर आहे, जुन्या गोधड्या भरलेली. झाकणावर ठसठशीत अक्षरं आहेत: मलकापूर. तिथं आम्ही एक रात्रसुद्धा राहिलेलो नाही.