सव्वादोन इंच लाकूड

८ जून २०२४, शनिवार
लेकीच्या उजव्या भुवईवरची खूण अजून पुसलेली नाही. गेल्या नोव्हेंबरातली. चूक सर्वस्वी माझी. ओळखीतल्या एकाची थर्टी-ऑट-सिक्स रायफल मी तिच्या हातात दिली होती. १९०६ साली लष्करासाठी काढलेलं काडतूस ते, अकरा वर्षांच्या पोरीसाठी नव्हे. दस्ता लांब, म्हणून तिने मान पुढे ताणली आणि डोळा दुर्बिणीला जवळजवळ टेकवला. बार झाला तशी दुर्बिणीची कड भुवईत घुसली. तीन टाके. रडली नाही. पण तेव्हापासून साधी पॉइंट टू-टू चालवतानाही चाप ओढण्याआधी तिचे डोळे मिटतात.

आज सकाळी म्हणाली, “बाबा, ऑक्टोबरात मला जायचंय. पण त्या बंदुकीने नाही.”

इथे विस्कॉन्सिनात पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना हरणांच्या शिकारीसाठी ऑक्टोबरात दोन दिवस वेगळे ठेवलेले असतात. मोठ्यांनी फक्त सोबत बसायचं. यंदा १२ आणि १३ तारीख. मी कॅलेंडर पाहिलं. १२ ला दसरा.

संध्याकाळी शेजारी गेलो. शेजारचे आजोबा एकोणऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं टूलरूममध्ये डाय बनवल्या आणि फावल्या वेळात आसपासच्या गावांच्या बंदुका दुरुस्त केल्या. लेक त्यांना ‘आबा’ म्हणते. आबा हे स्वीडनच्या गाणाऱ्यांचं नाव, अशी त्यांची पहिल्यांदा समजूत झाली होती; आता त्या हाकेला ओ देतात. त्यांनी बंदुकीचं नाव काढलं नाही. टेप काढली. लेकीला कोपर काटकोनात दुमडायला लावून कोपराच्या आतल्या घडीपासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंतचं अंतर घेतलं. सव्वाबारा इंच. मोठ्यांच्या रायफलीत हेच माप साडेतेराच्या आसपास असतं.

“मान का ताणली ते कळलं?” मला विचारलं, तिला नाही.

२२ जून
जुनी रेमिंग्टन मॉडेल ७०० मिळाली. अक्रोडाचा दस्ता, बावीस इंची नळी, काडतूस टू-फोर्टी-थ्री विंचेस्टर. हे काडतूस १९५५ चं. थ्री-नॉट-एट काडतुसाच्या पुंगळीची मान आवळून त्यात बारीक गोळी बसवली की झालं. हरणाला पुरतं, खांद्याला सोसतं.

दुकानात सरकारी फॉर्म माझ्या नावाने भरला. अठराच्या आतल्या मुलाला रायफल विकता येत नाही; आईबापांनी स्वतःसाठी घेऊन भेट दिली तर चालतं. फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना आला आणि २००६ आठवलं. तेव्हा मी एच-वन-बीवर होतो. त्या व्हिसावर बंदूक बाळगायला कायद्याची मनाई, पण शिकारीचा परवाना काढला की सूट! या देशात हरणामुळे माणसाला मिळणारे हक्क असा एक वेगळा अभ्यास व्हायला हवा.

दुर्बीण चढवून वजन केलं : आठ पौंड सहा औंस, म्हणजे तीन किलो आठशे. लेक पस्तीस किलोची. स्वतःच्या नवव्या हिश्शाचं ओझं घेऊन तिने डोंगर चढायचा. आमचा भाग हिमनद्यांनी वगळलेला. बाकी राज्य त्यांनी घासून सपाट केलं, इथे मात्र कोकणासारखे चढउतार तसेच राहिले.

मी वहीत लिहिलं : ध्येय साडेसहा पौंड. आबांनी वाचलं आणि पेन्सिलीने पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

२३ जून
प्रश्नचिन्हाचा अर्थ रात्री कळला. हिशेब मांडला. गोळी आणि जळती दारू पुढे जाताना जो संवेग घेऊन जातात, तेवढाच मागे रायफलीला मिळतो. तो ठरलेला. रायफल हलकी केली की ती जास्त वेगाने मागे येते, आणि धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. शंभर ग्रेनच्या गोळीला ३.८ किलोच्या रायफलीत माझ्या आकड्यांनी सुमारे आठ फूट-पौंड येतात; साडेसहा पौंडांच्या रायफलीत दहाच्या वर. मुलासाठी बंदूक करताना सगळे वजनामागे लागतात, आणि जेवढी ती उचलायला सोपी तेवढी झाडायला वाईट. इंजिनिअर म्हणवतो आणि हे मला पेन्सिलीच्या प्रश्नचिन्हाने शिकवावं लागलं.

त्या थर्टी-ऑट-सिक्सचाही आकडा काढला. सतरा. वही मिटली.

६ जुलै
दस्ता. कार्बन फायबरचा घेतला तर सहाशे डॉलरच्या पुढे, म्हणजे रायफलीपेक्षा महाग. आबा म्हणाले, “ती वाढतेय. महागडा दस्ता कापशील?” तेव्हा जुना अक्रोडच.

मागे एक इंच जाड रबरी गादी बसवायची, तिच्यासकट सव्वाबारा. म्हणजे लाकूड सव्वादोन इंच जायला हवं. करवतीच्या रेषेवर चिकटपट्टी लावली, नाहीतर ढलप्या उडतात. कापलेला तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर : साडेचार औंस. नवी गादी : चार औंस. एवढा घाम गाळून अर्धा औंस! लेक जमिनीवर बसून हसत होती.

आबांनी तो तुकडा उचलला, त्यावर तारीख टाकली आणि फळीवर स्क्रूंच्या डब्यामागे ठेवला.

मग दस्त्याच्या कापलेल्या तोंडातून आत पाच इंच खोल तीन भोकं पाडली, गादीचे स्क्रू धरायला मधलं लाकूड सोडून. पुढच्या बाजूला नळीखालचं लाकूडही कोरलं. भुसा पिशवीत गोळा करून लेकीने मोजला. साडेसहा औंस. आता हिशेब तीच ठेवते.

२० जुलै
नळी बावीसची वीस इंच केली. लेथवर चढवून तोंड नव्याने घेतलं. ही कामातली सर्वांत नाजूक जागा, कारण गोळी शेवटचं ज्याला शिवते ते हे तोंड. एका बाजूने केसभर जास्त कापलं गेलं तर मागून येणारा वायू गोळीला तिरका ढकलतो. आबांनी मला हात लावू दिला नाही. मी रोज मायक्रॉनमध्ये काम करतो हे सांगितलं. “कॉम्प्युटर करतो,” ते म्हणाले.

कापलेल्या दोन इंचांचं वजन फक्त सव्वादोन औंस. पण रायफल हातात घेतली तर वेगळीच. मागचं लाकूड पोखरल्यापासून ती तोंडाकडे झुकत होती. आता दोन्ही हातांच्या मध्ये येऊन बसली. काट्याला हे दिसत नाही. आमच्या गावाकडे, संगमेश्वराजवळ, आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, माणसाच्या छातीपर्यंत उंच. रानडुकरांसाठी. ती जड होती एवढंच मला आठवायचं. पण आजोबा ती एका हाताने, बरोबर मधोमध धरून पऱ्या ओलांडायचे हेही आज आठवलं.

लेकीचा शिकारीच्या शिक्षणाचा वर्ग संपला. इथे १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो, म्हणजे मलाही लागला होता. चार नियम तिने फ्रिजवर मराठीत लिहून लावलेत : प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, तोंड कायम सुरक्षित दिशेला, नेम कशावर आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री, झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर. तिसऱ्याखाली दोन रेघा.

३१ ऑगस्ट
फजितीचा दिवस. रायफलीचा लोखंडी भाग लाकडात नीट बसावा, जराही हलू नये, म्हणून मध्ये इपॉक्सी भरतात. लोखंडाला आधी बुटाचं पॉलिश चोळायचं, म्हणजे ते चिकटत नाही. चोळायचं काम माझ्याकडे होतं. एक कोपरा राहिला. सकाळी पाहतो तर दोन्ही एकजीव.

आबा शांतपणे म्हणाले, “फ्रीझर.” गारठ्याने लोखंड आकसतं आणि सुटतं. त्यांचा फ्रीझर लहान, आमचा मोठा. तिथे गणपतीसाठी खवलेल्या नारळाची पाकिटं. बायको म्हणाली, “अहो, मोदकांच्या खोबऱ्याशेजारी बंदूक?” बोल्ट काढलेला, नळी रिकामी, सगळं गोणपाटात गुंडाळलेलं, तरी तिने पाकिटं दुसऱ्या कप्प्यात हलवली. दुपारी रबरी हातोडीचा एक हलका ठोका, आणि सुटलं. मी देवाला नमस्कार केला, आबा कॉफी प्यायले.

नंतर नळी आणि लाकूड यांच्यातून एक डॉलरची नोट सरकवून पाहिली. शेवटपर्यंत अडली नाही. नळी तापली तरी लाकडाला टेकणार नाही.

१४ सप्टेंबर
नवी दुर्बीण, दोन ते सात पटींची, छोटी. तीही डोळ्यापासून साडेतीन इंचांवर राहील अशी मागेपुढे सरकवून बसवली. आधी लेकीने डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, मग उघडायचे. पूर्ण गोल दिसला तर जागा बरोबर. शेवटचं वजन सात पौंड आठ औंस. माझ्या साडेसहाची आठवण कोणी काढली नाही.

काडतुसं ८५ ग्रेनच्या तांब्याच्या गोळीची घेतली. शिशाचे कण मांसात पसरतात, आणि शिकाऱ्यांनी सोडलेली आतडी खाणारे गरुड त्याने मरतात. शिवाय गोळी हलकी, म्हणून धक्का पुन्हा आठच्या जवळ.

रेंजवर कानात बोळे आणि वरून कर्णटोप, दोन्ही. आबा भरून देत होते, आणि मध्येच, न सांगता, एक डमी काडतूस. पाचपैकी तीन वेळा डमीवरही रायफलीचं तोंड खाली गेलं. धक्का नाही, आवाज नाही, तरी अंग दचकलेलं. लेकीला स्वतःला ते दिसलं. तिला राग आला, माझ्यावर नाही, स्वतःवर. बरं झालं की वाईट, ठरवता येईना.

२१ सप्टेंबर
पुन्हा तेच. मग पॉइंट टू-टूच्या चाळीस गोळ्या, मग पुन्हा ही. शेवटच्या चार डमींवर तोंड हललं नाही. शंभर यार्डांवर तीन भोकं एका लिंबाखाली झाकली जातील अशी. ती म्हणाली, “आबा, अजून एक डमी द्या.” त्यांनी खरी दिली. तिला कळलंच नाही.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी
पाटावर रायफल, बोल्ट वेगळा, सोबत आबांची बारीक कानस आणि माझा व्हर्नियर. हळदकुंकू वाहिलं. उदबत्ती लावायला लेकीने मनाई केली, हरणांना वास येतो म्हणून. झेंडूही जरा लांबच ठेवला. आबा खुर्चीत बसून बघत होते. कानसेवर कुंकू लागलं तेव्हा टोपी काढली.

१२ ऑक्टोबर
पहाटे टेकडीच्या कुशीतल्या मचाणावर. दोघांच्या अंगावर भडक केशरी जाकिटं. सूर्योदय सातच्या पुढे. पावणेआठला मादी आली, ऐंशी यार्डांवर, आडवी. लेकीने रायफल खांद्याला लावली. मान ताणली नाही. मी श्वास धरला. तिने धरला नाही, हळू सोडला, तसाच शिकवला होता. मग रायफल खाली घेतली.

मादी कड्याच्या माथ्यावर होती. मागे फक्त आभाळ, आणि आभाळापलीकडे शेजाऱ्यांचं शेत.

मला ते दिसलंच नव्हतं.

१३ ऑक्टोबर
खारी. दोन टर्की. पाऊस.

२४ नोव्हेंबर
मोठ्यांच्या नऊ दिवसांच्या हंगामातला दुसरा दिवस. एक बार. मादी साठ पावलं गेली आणि ओकच्या झाडाखाली पडली. लेक बराच वेळ जवळ गेली नाही. मग गेली, मानेवर हात ठेवला. भुवईला काही झालेलं नव्हतं; ती स्वतः तिथे बोट लावून बघत होती. आतडी काढायला तिनेच हात घातला, मध्ये एकदा उठून दूर गेली, परत आली.

मुंडकं तपासणीसाठी दिलं. माउंट होरेबच्या आसपास २००२ मध्ये हरणांना मेंदू पोखरणारा रोग सापडला, तेव्हापासून आमच्या भागात मानेतल्या गाठी तपासल्याशिवाय शहाणा माणूस मांस शिजवत नाही. तोवर ते फ्रीझरमध्ये, खोबऱ्याच्या जुन्या जागी.

रात्री गावी फोन. चुलतभावाला सांगितलं. तो म्हणाला, विधानसभेच्या आचारसंहितेत त्याची पीकसंरक्षणाची बंदूक ठाण्यात जमा आहे, आणि डुकरं मात्र मोकाट. “तुझी पोरगी पाठवून दे.” ते कायद्यात बसत नाही हे दोघांनाही माहीत.

८ डिसेंबर
तपासणीत रोग आढळला नाही. बायकोने सुकं केलं, आबांसाठी मिरची निम्मी. तरी ते तीन ग्लास पाणी प्यायले आणि त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

१९ जानेवारी २०२५
रायफल साफ करताना लेकीने सहज खांद्याला लावली, तर नाक जवळजवळ अंगठ्याला टेकतंय. आबांनी टेप काढली. पाऊण इंच वाढली आहे.

ते फळीकडे गेले. स्क्रूंच्या डब्यामागून तारीख टाकलेला तुकडा आणला, धूळ फुंकली. त्याच्या पुढच्या अंगाची अर्ध्या इंचाची चकती कापली आणि दस्ता व गादी यांच्यामध्ये धरून पाहिली. अक्रोडाच्या रेषा पुन्हा रेषांना मिळाल्या, फक्त करवतीने खाल्लं तेवढ्या जागी किंचित पायरी पडलेली. लेक त्या पायरीवरून नख फिरवत होती.

“उरलेलं?” तिने विचारलं.

आबांनी उरलेल्या तुकड्यावर आजची तारीख टाकली आणि तो परत डब्यामागे ठेवला.